कोणाच्या जिवावर हसावे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे 'किमान वेतन' असे सांगितले. ते म्हणाले, "त्यावर तुम्ही वर्षभर बोलताच. या खेपेला लोकांना थोडे हसवा." हे ऐकून आम्हांस घाम फुटला, आणि तो सोलापूरच्या वैशाखातल्या उन्हाचा नव्हता. शेवटी हसवण्याऐवजी हसण्याविषयी बोलावे, अशी तडजोड आम्ही सुचवली. तडजोडी करणे हा आमचा धंदाच आहे. विनोदावर बोलणारा माणूस स्वतः विनोदी असावा लागत नाही, तेवढी सवलत श्रोत्यांनी द्यावी.

विषय आम्हांस एका मुलीने दिला. आमच्या एका सहकाऱ्याची ही मुलगी महाविद्यालयात शिकते. घर एका खोलीचे. आई कोपऱ्यात विड्या वळते, आजी खाटेवर, धाकटा भाऊ अभ्यासाला बसलेला. आम्ही गेलो तेव्हा मुलगी मोबाइलवर कोणा हसवणाऱ्याचा कार्यक्रम ऐकत होती आणि दर दोन मिनिटांनी आवाज बंद करीत होती. आम्ही कारण विचारले. ती म्हणाली, "काका, चांगला बोलतोय, पण मधूनच असं काही बोलतो की आजीसमोर ऐकवत नाही. आणि जो आजीसमोर ऐकवतो त्याला हसू येत नाही. दोन्ही जमेल असा एखादा सांगा की!"

आम्ही त्या वेळी निरुत्तर झालो. पुढे विचार करता असे दिसले, की मुलीचा प्रश्न साधा नाही. ज्या घरात भिंत नाही त्या घराने काय ऐकून एकत्र हसावे, असा तो प्रश्न आहे. आणि ज्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच कारखान्यात काम करतात, त्या गावाचाही तोच प्रश्न आहे.

प्रथम ही कला काय आहे ते पाहू. इंग्रजीत तिला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. एक माणूस, एक ध्वनिक्षेपक, सोंग नाही, पडदा नाही. तो उभा राहून तासभर आपल्या आयुष्यातल्या गोष्टी सांगतो आणि लोक हसतात. मराठीत ही पद्धत अलीकडे रुळली. २०१६ साली सुरू झालेल्या 'भारतीय डिजिटल पार्टी'सारख्या तरुणांच्या मंडळींनी तिला बोलभाषेत आणले. नाव नवे असले तरी वस्तू आपल्याला परकी नाही. कीर्तनकार एकटाच उभा राहतो आणि मध्येच सगळ्या मंडपाला हसवतो. तमाशाच्या बतावणीतला सोंगाड्या गावच्या पाटलावर बोलतो आणि पाटील समोर बसलेला असतो. १९६१ पासून पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्याने ५२ पात्रे रंगवली. तेव्हा या कलेचे मोल करताना आपण अगदीच अडाणी नाही. आपल्यापाशी माप आहे, ते वापरण्याची सवय सुटली आहे.

आता मुलीच्या तक्रारीकडे वळू. 'ऐकवत नाही' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. एक अश्लील, दुसरी अपमानकारक, तिसरी अप्रिय.

अश्लील म्हणजे शरीरसंबंधाचा किंवा शिवीगाळीचा उघड उल्लेख. हा प्रश्न वेळ, जागा आणि सोबत यांचा आहे. रात्री चित्रपटगृहात दादा कोंडके यांच्या द्वयर्थी बोलण्याला खळखळून हसलेला माणूस सकाळी सासऱ्यासमोर तेच ऐकून मान खाली घालतो. यात विनोदाचा दोष नसतो, जागा चुकलेली असते.

अपमानकारक म्हणजे माणसाला माणूस म्हणून खाली ओढणारे. त्याची जात, धर्म, रंग, अपंगत्व, बोली, बाईचे बाईपण, गरिबाचे गरीबपण यांवर जो विनोद उभा असतो तो. ध्यानात घ्या, असा विनोद भाषेने अगदी सोवळा असू शकतो. त्यात एकही शिवी नसते, आजीसमोर तो सांगता येतो, आजीही हसते. काळ्या रंगाच्या नवरीवर, मोलकरणीच्या अडाणीपणावर, तोतऱ्या माणसाच्या बोलण्यावर आपल्या बैठकीच्या खोल्यांतून पिढ्यान्पिढ्या असे विनोद चालत आले आहेत. ते 'स्वच्छ' समजले जातात. आमच्या मते अश्लील विनोदापेक्षा हे अधिक वाईट आहेत. अश्लील विनोदाने लाज वाटते, यांनी लाज वाटेनाशी होते.

तिसरा प्रकार अप्रियाचा. जो विनोद खरा असतो, पण ज्याच्यावर असतो त्याला झोंबतो, तो अप्रिय. पुढाऱ्याच्या आश्वासनावर, नटाच्या अभिनयावर, मालकाच्या कंजूषपणावर आणि कामगार पुढाऱ्याच्या लांब भाषणावर केलेला विनोद या जातीचा. यात कोणाची माणुसकी जात नाही, ऐट जाते.

हे तीन प्रकार एकत्र कालवले की काय होते ते आपल्या गावाने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रणित मोरे या मराठी विनोदकाराचा कार्यक्रम सोलापुरात झाला. कार्यक्रम संपल्यावर चाहते म्हणून छायाचित्र काढण्यासाठी जवळ आलेल्या टोळक्याने त्यांना मारहाण केली, असे त्यांच्या बाजूने जाहीर करण्यात आले. हिंदी चित्रपटातील एका नव्या नटावर त्यांनी केलेले विनोद हे कारण सांगितले गेले. त्या नटाने आपला या प्रकाराशी संबंध नसल्याचे सांगून जाहीर खेद व्यक्त केला. पुढे २३ मार्च २०२५ रोजी मुंबईत खार येथे एका राजकीय पुढाऱ्यावरील विडंबनगीताच्या रागातून कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड झाली. नटाचा अभिनय आणि पुढाऱ्याचे राजकारण हे दोन्ही विषय आमच्या वाटणीप्रमाणे 'अप्रिय' या खात्यातले. तिकीट काढून चित्रपट पाहणाऱ्याला नटावर बोलण्याचा हक्क आहे, मत देणाऱ्याला पुढाऱ्यावर बोलण्याचा. विनोद आवडला नाही तर हसू नये, उठून जावे, चार ओळी लिहाव्यात. हात उगारला की ज्याच्या वतीने तो उगारला त्याचीच शोभा होते. आपल्या गावी पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला मार बसला, ही गोष्ट आम्हांस सोलापूरकर म्हणून अजून सलते.

पण दुसऱ्याची चूक सांगून आपली झाकणे बरे नव्हे. आम्हीही या बाबतीत चुकलो आहोत.

आम्ही मूळचे यंत्रमाग कामगार. सातवीनंतर शाळा सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. संघटनेच्या कामात पडलो तेव्हा एक गोष्ट लवकर कळली. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी भाषण ऐकवायचे तर दर पाच मिनिटांनी हसवले पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी विडी कामगार बायकांच्या एका सभेत आम्ही असेच हसवायला गेलो. तेलुगू बोलणारी बाई मराठी बोलताना 'तो', 'ती', 'ते' यांची कशी सरमिसळ करते, याची आम्ही नक्कल केली. सभा हसली. पुढच्या रांगेत एक वयस्क बाई बसल्या होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. त्याही तोंडाला पदर लावून हसल्या. आम्हांस वाटले, सभा जिंकली.

या अक्का म्हणजे आमचे मोठे बळ. हजार विड्यांतून खराब म्हणून किती बाजूला काढल्या, कोणत्या दिवशी, पाने कशी मिळाली होती, पैसे किती कापले, सगळे त्यांना तोंडपाठ. वाटाघाटीत त्या बोलू लागल्या की समोरचा हिशेबनीस गप्प बसे. त्या सभेनंतर मात्र अक्का बोलेनाशा झाल्या. यायच्या, मागे बसायच्या, निघून जायच्या. पुढच्या बैठकीत समोरच्या बाजूने सांगितले, "बायकांची स्वतःची काही तक्रार दिसत नाही." आणि आमच्याकडे सांगायला कोणी नव्हते. ती मागणी त्या वर्षी पडली.

आम्ही अक्कांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "अण्णा, तुमचं मराठी तुम्ही आईकडून शिकला. माझं मी कामावर शिकलं. चुकलं तर हसा. पण मग मला बोलायला सांगू नका."

बंधूंनो, विनोदावरची पुस्तके आम्ही पुढे पुष्कळ वाचली. पण त्या दिवशीच्या चहाएवढे आम्हांस कोणी शिकवले नाही. ज्याच्यावर आपण हसतो तो हसला म्हणजे त्याला लागले नाही, असा आमचा समज होता. तो खोटा आहे. चारचौघांत ज्याची टर उडवली जाते त्याला हसण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. न हसावे तर 'हिला विनोद कळत नाही' हा दुसरा शिक्का बसतो. म्हणून कोण हसले हे पाहून भागत नाही. विनोदानंतर कोण गप्प झाले, हे पाहावे लागते.

आता असा विनोद मुळात का सुचतो? याचे उत्तर हसण्याच्या क्रियेत आहे. ऐकणाऱ्याचे मन एका दिशेला झुकलेले असते. बोलणारा त्याला अचानक दुसरीकडे वळवतो. मनाचा तोल जातो, पण पडून लागत नाही. त्या सुटकेचे हसू येते. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले, की हास्यास्पद म्हणजे अशी चूक किंवा व्यंग, ज्यातून कोणाला वेदना किंवा इजा होत नाही. म्हणजे इजा न होणे ही अट नीतीच्या शिक्षकाने बाहेरून लादलेली नाही. हास्याच्या व्याख्येतच ती आहे.

मनाला एका दिशेला झुकवणे हे विनोदकाराचे खरे कष्ट. त्यासाठी नवे काही पाहावे लागते, ते नेमक्या शब्दांत मांडावे लागते, श्रोत्याला सोबत न्यावे लागते. सगळ्यांना हे कष्ट झेपत नाहीत. मग आळशी विनोदकार काय करतो? श्रोत्यांच्या मनात आधीच पडलेला उतार वापरतो. अमुक जातीचे लोक चिक्कू, तमुक प्रांताचे बावळट, बायको म्हणजे भांडण, जाडा माणूस म्हणजे हावरट. हा उतार कोणीतरी पिढ्यान्पिढ्या खणून ठेवलेला असतो. त्यावरून नुसते ढकलले की हशा घरंगळत येतो. आमच्या भाषेत सांगायचे तर हे सूत स्वतः न कातता बाजारातून आणलेल्या तयार कापडावर आपला शिक्का मारण्यासारखे आहे. म्हणून आमचे म्हणणे असे, की अपमानकारक विनोद हा बहुधा वाईट कारागिरीचाही नमुना असतो. चांगुलपणा आणि कसब यांत येथे भांडण नाही.

यावरून पारखायच्या काही खुणा निघतात. त्या आम्ही त्या मुलीला पुढे सांगितल्या, त्याच येथे सांगतो.

पहिली खूण, नाव बदलून पाहावे. विनोदात ज्या जातीचे, प्रांताचे किंवा धर्माचे नाव असेल ते काढून दुसरे घालावे. तरीही विनोद तसाच चालला, तर त्यात त्या लोकांविषयी काही पाहिलेले नाही, नुसता तुच्छतेचा साचा आहे असे समजावे. उलट दत्ताराम मारुती मिरासदारांची कथा घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या अकलूजचा हा लेखक. त्यांनी भोकरवाडीचा नाना चेंगट आणि बाबू पैलवान रंगवले. ती माणसे उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत. भित्रेपणा, बढाई, रिकामपणच्या गप्पा हे सर्व त्या माणसांचे स्वतःचे आहे, जातीचे नव्हे. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह मिरासदारांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले, आणि ज्यांच्यावर त्या कथा होत्या तीच खेड्यांतली माणसे गर्दी करून हसली.

दुसरी खूण, बोलणारा स्वतः कोठे उभा आहे ते पाहावे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य रसाचे दोन भेद सांगितले आहेत, आत्मस्थ आणि परस्थ. स्वतः हसतो तो आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो तो परस्थ. आम्ही त्याचा थोडा पुढे अर्थ लावतो. ज्याच्या विनोदात तो स्वतःही सापडतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. पु. लं.च्या चाळीत निवेदक गच्चीवरून खाली पाहत नाही, तो चाळीतच राहतो. म्हणून शेवटी चाळ पडायला आली की हसणाऱ्याचा गळा दाटतो. राम नगरकर यांनी 'रामनगरी'त नाभिक समाजातल्या आपल्या बालपणाच्या आणि धंद्यातल्या अडचणींवर लोकांना हसवले. हेच किस्से दुसऱ्याने वरून सांगितले असते तर ती कुचेष्टा झाली असती. नगरकरांनी सांगितले तेव्हा हसता हसता श्रोत्याला कळे, की आपण या माणसाला आजवर कसे वागवले आहे.

तिसरी खूण, पुढच्या रांगेची. ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस पहिल्या रांगेत बसला आहे असे समजावे. मग तोच विनोद त्याच शब्दांत सांगता येईल का? पाटलावरचा सांगता येतो. सोंगाड्या शतकानुशतके सांगत आला. अपंग मुलाच्या आईसमोर त्या मुलाच्या चालीची नक्कल करवत नाही. विनोदकार श्रोत्यांशी गप्पा मारू लागला, म्हणजे तर ही खूण लगेच दिसते. हल्ली अशा कार्यक्रमांत पुढच्या रांगेतल्या माणसाला नाव आणि कामधंदा विचारून त्यावर उत्स्फूर्त बोलण्याची रीत आहे. यात मोठी हुशारी लागते. पण आपल्याकडे आडनाव विचारले की जात विचारली जाते, हे विसरता कामा नये. मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात जो प्रश्न गमतीचा वाटतो, तोच प्रश्न ऐकून कोणाच्या पोटात गोळा उठतो. चांगला विनोदकार तेथून हळूच वळून माणसाच्या कामाकडे येतो. त्याचा मालक कसा आहे, बस किती वाजता चुकते, असे विचारतो. तेथे सगळ्यांनाच हसायला जागा असते.

चौथी खूण, वजन कोणाकडे आहे ते पाहावे. वरच्याने खालच्यावर केलेला विनोद आणि खालच्याने वरच्यावर केलेला विनोद यांचे शब्द एक असले तरी मोल एक नसते. मात्र हे वजन जागेप्रमाणे बदलते. सोलापुरात मराठी बोलणारा वरचढ असतो. तोच परप्रांतात नोकरीला गेला की त्याच्या बोलण्याची नक्कल होते. तेव्हा 'आम्ही सोसले, म्हणून आम्हांला काहीही बोलण्याची मुभा' असा कायमचा परवाना कोणालाच मिळत नाही. कामगार पुढाऱ्यालाही नाही, हे आम्ही अक्कांकडून शिकलो.

न्यायालयानेही हे तारतम्य मांडले आहे. एका हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणावरून झालेल्या दाव्यात ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अपंगांना हीन लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा, समज वाढवणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने केला. म्हणजे 'या विषयावर बोलूच नका' असे न्यायालय म्हणाले नाही. विषय निषिद्ध नसतो, पाहण्याची नजर तपासायची असते. आपल्या मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, विटंबना अशी उतरती भाजणीच तिच्यात आहे. थट्टा प्रेमाच्या माणसाची करतात, विटंबना कोणी प्रेमाने करीत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. "तुमच्या इतक्या कसोट्या लावल्या तर विनोदाचे दात पडतील. मग उरेल ते साखरपाणी." आमच्या सहकाऱ्याच्या मुलीचेही हेच म्हणणे होते, आजीसमोर चालतो त्याला हसू येत नाही.

पण दात कोणाला लावायचे एवढाच प्रश्न आहे. एकनाथांचे विंचवाचे भारूड पाहा. सोळाव्या शतकातले हे भारूड आजही लोक करतात. विंचू चावलेल्या माणसाची तडफड पाहून मांडव हसतो, आणि मग कळते की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि तो आपल्यालाच चावला आहे. गाडगे महाराज १९५६ पर्यंत कीर्तनातून लोकांना साधे साधे प्रश्न विचारीत. लोक हसत उत्तरे देत, आणि कर्ज काढून सण करण्याचा, देवापुढे बकरे कापण्याचा वेडेपणा स्वतःच्याच तोंडाने कबूल करून बसत. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. त्यात अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि आपल्या बार्शीचे शाहीर अमर शेख होते. अण्णा भाऊंच्या 'शेटजीचे इलेक्शन' या लोकनाट्याला हसलेल्या कामगाराला शेटजीची भीती पूर्वीएवढी वाटली नसेल. आणि १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये चार्ली चॅप्लिन पट्ट्यावर सरकणारे नट-बोल्ट आवळता आवळता वेडा होतो. जेवणाची सुट्टी वाचावी म्हणून मालक कामगाराला यंत्राने भरवू पाहतो. हा चित्रपट आम्ही कामगारांसोबत पाहिला आहे. माग चालवणारे सगळे पोट धरून हसले, आणि बाहेर आल्यावर एकजण म्हणाला, "हे आपलंच की!" यांत दात नाहीत असे कोण म्हणेल? दात आहेत, पण ते दुबळ्याच्या पोटरीला लावलेले नाहीत.

तेव्हा त्या मुलीला आम्ही शेवटी काय सांगितले? नावांची यादी दिली नाही, कारण आज चांगले बोलणारा उद्या आळशी होऊ शकतो. पद्धत सांगितली. मोबाइलवर येणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून कोणाला चांगला-वाईट ठरवू नकोस. तुकडा कापणारा बहुधा सर्वांत झोंबणारे वाक्यच ठेवतो, मागचे-पुढचे काढून टाकतो. सबंध कार्यक्रमाची पहिली दहा मिनिटे ऐक. तेवढ्यात त्याने पहिला वार कोणावर केला ते बघ. स्वतःवर किंवा एखाद्या बड्यावर केला असेल तर पुढे ऐक. जाड्या माणसावर, बायकोवर किंवा कोणाच्या बोलीवर केला असेल तर त्याच्यापाशी दुसरे भांडवल नाही असे समज. शिव्या असतील तर तो कार्यक्रम मैत्रिणींबरोबर ऐक, आजीबरोबर नको. त्यासाठी त्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. आणि आजीला सोबत घ्यायचे असेल तर मिरासदारांचे कथाकथन, पु. लं.चे प्रयोग यांची ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांपासून सुरुवात कर. तेथे कान तयार झाला की आजचा चांगला विनोदकार आपोआप ओळखू येतो.

महिन्याभराने ती भेटली. म्हणाली, "काका, आजी हसली. पण नवीन पोरांच्यापण एका कार्यक्रमाला हसली. तो पोरगा वसतिगृहातल्या जेवणावर बोलत होता." आम्ही म्हटले, "बघ, डाळ पातळ असली की सगळ्या जाती-धर्मांना सारखीच पातळ लागते."

राहिली अक्कांची गोष्ट. आम्ही माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. पण त्या बोलल्या नाहीत. माफीने झालेले भरून येतेच असे नाही. मग आम्ही तेलुगू शिकायचे ठरवले. फार आले नाही, आजही येत नाही. पण एका सभेच्या सुरुवातीला गडबड थांबेना म्हणून आम्ही मोठ्याने ओरडलो, "चला, सभा चालू!" तोच अक्का पिशवी उचलून उठल्या. त्यांच्यामागे आणखी दहा-बारा बायका उठल्या. आम्ही गोंधळलो. अक्का गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अण्णा, आमच्या तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. इतका शहाणा पुढारी पहिल्यांदा बघितला. सभा सुरू व्हायच्या आधीच पुरे म्हणाला."

त्या दिवशी सभा जेवढी हसली तेवढी आमच्या कोणत्याही नकलेला हसली नव्हती. आम्हीही हसलो, आणि पदर लावायची पाळी या खेपेला आमची होती. अक्का पुढच्या रांगेत बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा पुन्हा बोलल्या. हजारामागे किती विड्या बाजूला काढतात, तो हिशेब त्यांनी सभेपुढे मांडला.

भगिनींनो आणि बंधूंनो, आमची वेळ संपत आली आहे, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. तेव्हा आम्ही एवढेच म्हणतो, सभा चालू! अर्थ तेलुगूतला घ्यावा.